पुडिंग, ग्रेव्ही आणि परकी माणसं
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



मला संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषय दिला होता, 'परदेशातील माझी कारकीर्द'. मी म्हटलं, त्यावर बोलायला लागले तर मागच्या बाकावरची मंडळी पूर्वीसारखीच हळूच बाहेर सटकतील. त्यापेक्षा खाण्यावर बोलते. एक तर मी आहारतज्ज्ञ. इंग्लंडच्या ईशान्य भागातल्या सरकारी इस्पितळांमध्ये जवळजवळ तीस वर्षं 'कोणी काय खाल्लं आणि काय टाकलं' एवढंच पाहण्यात गेली. आणि दुसरं म्हणजे कालपासून प्रत्येक जण मला एकच प्रश्न विचारतोय, "काय गं, तिथलं ते बेचव जेवण इतकी वर्षं कसं गिळलंस?"

तर हा प्रश्नच माझा विषय आहे. इंग्रजांचं घरगुती जेवण आणि त्यावर बाहेरच्या माणसांनी केलेली तोंडं.

इंग्रजीत त्याला 'कम्फर्ट फूड' म्हणतात. आपल्याकडे त्याला नेमका शब्द नाही, पण पदार्थ आहे. ताप उतरल्यावर आई ताटलीत मऊ भात, मेतकूट आणि तुपाची धार घालून द्यायची, ते. बाहेरगावहून दमून आल्यावर पिठलं-भाकरी, ते. इंग्रजांचं ते म्हणजे उकडून कुस्करलेला बटाटा, त्यावर सॉसेज आणि तपकिरी ग्रेव्ही. मटणाच्या खिम्यावर बटाट्याचा थर देऊन भट्टीत खरपूस केलेला शेफर्ड्स पाय. भाजलेल्या पावावर टोमॅटोच्या रसातल्या पांढऱ्या घेवड्याचा डबा ओतलेला. आंबट सफरचंदावर लोणी-साखर-मैद्याचा चुरा पसरून भाजलेलं क्रंबल आणि वर गरम पिवळं कस्टर्ड. रविवारच्या उरलेल्या बटाटा-कोबीचं सोमवारी तव्यावर थापलेलं थालीपीठ, त्याला 'बबल अँड स्क्वीक' म्हणतात, म्हणजे शिजताना ते जे बुडबुडे काढतं आणि चिरकतं, त्यावरून नाव. आपल्या फोडणीच्या भाताचं हे सख्खं भावंड आहे. शिळं टाकायचं नाही ही दोन्ही घरांची शिस्त. शिवाय 'टोड इन द होल', म्हणजे बिळातला बेडूक. घाबरू नका, त्यात बेडूक नसतो. मैदा-अंडी-दुधाच्या फुगलेल्या पिठात सॉसेज असतात.

आता रंग पाहा. पांढरा, फिकट पिवळा, तपकिरी. हिरवा असलाच तर तो वाटाण्याचा. आपल्या डोळ्याला लाल तर्री नि हिरवी कोथिंबीर लागते. त्यामुळे चव घेण्याआधीच आपला निकाल लागलेला असतो.

पण हा निकाल देणारे आपण पहिले नाही. पेर काल्म नावाचा एक स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ १७४८ साली अमेरिकेला जाता जाता इंग्लंडात थांबला. त्यानं रोजनिशीत लिहून ठेवलंय की मांस भाजण्यात इंग्रजांचा हात धरणारा कोणी नाही, आणि लगेच टोला मारलाय की त्यांच्या पाककलेची झेप त्यापुढे नि प्लम पुडिंगपुढे फारशी जातच नाही. त्याच्या पन्नास वर्षं आधी मात्र मिसाँ नावाचा एक फ्रेंच माणूस इंग्रजी पुडिंगवर अक्षरशः लुब्ध झाला होता. फ्रेंच, बरं का! ही साक्ष पुढच्या फ्रेंच मंडळींनी सोयीस्कर विसरून टाकली.

त्यांतले सगळ्यांत गाजलेले जाक शिराक. २००५ चा जुलै महिना. रशियातल्या कालिनिनग्राद शहरात फ्रान्स, जर्मनी, रशिया यांचे प्रमुख जमले होते. शिराकसाहेब गप्पांच्या ओघात म्हणाले की ज्यांचं जेवण इतकं वाईट त्या लोकांवर विश्वास कसा ठेवायचा, आणि यांच्यापेक्षा वाईट फक्त फिनलंडचं. ते पत्रकारांच्या कानावर गेलं. त्याच आठवड्यात २०१२ चं ऑलिंपिक कोणाला द्यायचं याचं मतदान सिंगापूरला होतं. लंडनला ५४ मतं, पॅरिसला ५०. ऑलिंपिक समितीत फिनलंडचे दोन सदस्य होते. त्यांनी कोणाला मत दिलं ते गुप्तच आहे, पण आमच्या इस्पितळाच्या कँटीनमध्ये त्या दिवशी सगळ्यांना हिशेब अगदी पक्का ठाऊक असल्यासारखं बोलणं चाललं होतं!

आपल्याकडच्या दोन माणसांची गोष्ट मला जास्त जवळची वाटते.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या जोगिणींच्या मठात राहिल्या. तिथंच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण मांसाहार स्वीकारला नाही. मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला त्यात हा खाण्याचा वादही आहे. सिस्टरना वाटायचं, धर्म बदलला तरी हिच्या मनातली जुनी जातीची अढी गेलेली नाही. रमाबाईंचं म्हणणं, माझ्या जेवणात तुमचा धर्म आणू नका. विचार करा, जी बाई एवढ्या मोठ्या गोष्टी सोडून आली होती, तिनं ताटातली एक गोष्ट धरून ठेवली. तीस वर्षं रुग्णांची ताटं पाहून मला याचं मुळीच आश्चर्य वाटत नाही.

दुसरे गांधीजी. १८८८ साली लंडनला पोचले तेव्हा एकोणिसाव्या वर्षात होते. आईला वचन दिलेलं, मांस खाणार नाही. घरमालकिणीला प्रश्न पडला, या मुलाला घालायचं तरी काय? सकाळी ओटची लापशी मिळायची, तेवढ्यानं पोट भरे. दुपारी-रात्री पालक, पाव आणि जॅम. त्यांनी आत्मकथेत लिहिलंय की मालकिणीच्या मुली पावाचा एखादा तुकडा जास्त वाढायच्या, पण यांना अजून मागायची लाज वाटे. मग रोज मैलोन् मैल चालत शाकाहारी खानावळ शोधली, ती शेवटी फॅरिंग्डन स्ट्रीटवर सापडली. पण खरी गंमत पुढे आहे. काही काळानं त्यांनी घरून येणारे मसाले, मिठाया बंद केल्या, आणि सुरुवातीला जो नुसता उकडलेला पालक घशाखाली उतरत नव्हता तोच त्यांना रुचू लागला. चव जिभेपेक्षा मनात जास्त असते, असा निष्कर्ष त्यांनी त्यातून काढला. आमच्या यजमानांना मी हा उतारा अनेकदा वाचून दाखवलाय. उपयोग शून्य. मनातली नि जिभेवरची, दोन्ही चवी एकतीस वर्षं हलल्या नाहीत.

आता, हे जेवण बेचव ही ख्याती एवढी घट्ट का झाली, त्याला कारणं आहेत. इंग्लंडात कारखाने फार लवकर आले. १८५१ च्या शिरगणतीतच निम्मी माणसं शहरात होती. शेत, परसातली भाजी, आजीच्या हाताखाली शिकलेला स्वयंपाक, हे सगळं एक-दोन पिढ्यांत तुटलं. त्यावर कळस झाला दुसऱ्या महायुद्धाचा. ८ जानेवारी १९४० ला रेशनिंग सुरू झालं आणि शेवटचं मांसावरचं बंधन उठलं ४ जुलै १९५४ ला. साडेचौदा वर्षं! माणशी आठवड्याला लोणी साधारण ५५ ग्रॅम, चहाही तेवढाच, साखर सव्वादोनशे ग्रॅम, अंडं एक. तेही मिळालं तर. नाहीतर अमेरिकेतून आलेली अंड्याची भुकटी. गावोगावची वेगवेगळी चीज बंद करून सगळं दूध एकाच सरकारी छापाच्या चीजकडे वळवलं होतं. १९४० साली लग्न झालेल्या मुलीनं जो स्वयंपाक केला असेल तो या मापातला. तिची मुलगी तिच्याकडूनच शिकली.

आणि नेमक्या याच काळात तिथं बाहेरची माणसं लोटली. १९४४ च्या जूनपर्यंत पंधरा लाखांच्या आसपास अमेरिकन सैनिक ब्रिटनमध्ये होते. त्यांच्या सरकारनं १९४२ साली त्यांना एक छोटी पुस्तिका दिली होती. त्यात बजावलं होतं की कोणा इंग्रज कुटुंबानं जेवायला बोलावलं तर जपून खा, तुमच्यापुढे जे मांडलंय तो कदाचित त्या घराचा आठवड्याचा शिधा असेल. म्हणजे यजमानांनी आठवडाभराचं ताटात वाढायचं आणि पाहुण्यानं घरी परतून सांगायचं, "इंग्रजांकडे जेवण म्हणजे शिक्षा." मला वाटतं आज अमेरिकेत इंग्रजी जेवणावर जे विनोद चालतात, त्यातल्या बऱ्याच विनोदांचं मूळ त्या ताटात आहे. यूट्यूबवर तिथली मुलं पावावरचा घेवडा बघून 'ई' करतात ना, तो आवाज ऐंशी वर्षांचा आहे.

जॉर्ज ऑरवेल तुम्हाला माहीत आहेत. जन्म बिहारमधल्या मोतिहारीचा, १९०३ चा. त्यांनी १९४५ च्या डिसेंबरात वर्तमानपत्रात लेख लिहून इंग्रजी स्वयंपाकाची बाजू मांडली. पुढच्या वर्षी ब्रिटिश कौन्सिलनं युरोपातल्या वाचकांसाठी त्यांच्याकडून याच विषयावर मोठा निबंध मागवला आणि हाती आल्यावर छापायला नकार दिला. तिकडे युरोपात माणसं उपाशी असताना हे कसं छापायचं, अशी अडचण. वर त्यांच्या मुरांब्याच्या कृतीवर 'साखर नि पाणी जास्त' असा शेरा. २०१९ साली कौन्सिलनं त्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि निबंध छापला. लेखक जाऊन तोपर्यंत एकोणसत्तर वर्षं झाली होती.

हे सगळं मी पुस्तकात वाचलं. डोळ्यांनी पाहिलं ते वॉर्डात.

आमचा भाग डरहम-न्यूकॅसलकडचा, कोळशाच्या खाणींचा. खाणी बंद पडल्या, माणसं म्हातारी झाली. आमच्याकडे एक आजोबा होते. वय ऐंशीच्या पुढे, जन्म खाणीत गेलेला. बायको गेली आणि त्यांनी खाणं सोडलं. पौष्टिक पेयांच्या बाटल्या जशाच्या तशा परत यायच्या. वजन दर आठवड्याला घसरत होतं. आणि त्यांना भरवायला कोण? केरळची नर्स, फिलिपिन्सचा मदतनीस, झिंबाब्वेची रात्रपाळीची बाई, आणि आहार ठरवायला मी, सातारा जिल्ह्यातली. त्या वॉर्डात इंग्रज फक्त खाटेवर होते म्हणा ना!

मी खुर्ची ओढून विचारलं, "लहानपणी आजारी पडलात की आई काय द्यायची?" बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "राइस पुडिंग. वरच्या सायीसकट."

आता राइस पुडिंग म्हणजे बुटका तांदूळ, दूध, साखर, वर किसलेलं जायफळ, मंद भट्टीत दोन तास. वर तपकिरी पापुद्रा येतो. तो खावा की काढून टाकावा यावर इंग्रज घरांत भावंडांची भांडणं व्हायची, आपल्याकडे खरवडीवरून होतात तशी. इस्पितळात यायचं ते डब्यातलं, त्याला साय कुठली? त्यांच्या मुलीनं घरून करून आणलं. आजोबांनी आधी चमच्यानं पापुद्रा उचलला. केरळची नर्स माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "पायसम आहे हे, नुसतं वेलची विसरलेत." फिलिपिनो मुलगा म्हणाला, आमच्याकडे यात चॉकलेट घालतात. तिघे परके त्या वाडग्याकडे असे आपलेपणानं बघत होतो, आणि आजोबा खात होते. फार काही चमत्कार झाला नाही. ते पुढे सहा आठवडे होते. पण ते सहा आठवडे जेवले.

त्यानंतर स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या कागदावर मी एक ओळ वाढवून घेतली, 'लहानपणी घरी काय खात होता'. त्यावरची उत्तरं वाचायला मिळणं हा माझ्या नोकरीचा सगळ्यात मोठा पगार होता. ड्रिपिंग लावलेला पाव, म्हणजे भाजलेल्या मांसाची गोठलेली चरबी, वर मीठ. कस्टर्डमध्ये बुडवलेलं केळं. एकीनं लिहवून घेतलं होतं, 'रिकामा यॉर्कशायर पुडिंग, ग्रेव्ही घालून, आधी'. हे 'आधी' महत्त्वाचं. मांस थोडं असायचं म्हणून पोरांची पोटं आधी पिठाच्या पुडिंगनं भरायची. आपल्याकडे पाहुणे आले की आई 'आधी भात खा रे' म्हणायची, ते आठवा.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही. एक मराठी आजी मुलाकडे आल्या होत्या, घसरून मांडीचं हाड मोडलं. मी रजेवरून परतले तेव्हा त्यांच्या तक्त्यावर तीन दिवस एकच शब्द होता, 'नाकारले'. सूप नाकारलं. सँडविच नाकारलं. शाकाहारी म्हणून चीजचा पाय दिला, तोही. कोणा शहाण्यानं खाली लिहिलं होतं, 'रुग्ण सहकार्य करत नाही'. त्या बाईंनी कधी नाकारलंच नव्हतं. त्यांना ते जेवण आहे हेच कळलं नव्हतं! मी म्हटलं, "आजी, काय खावंसं वाटतंय?" त्या म्हणाल्या, "काही नको गं बाई, पण मऊ भात नि वरण असतं तर बघितलं असतं."

स्वयंपाकघरात आमची मुख्य स्वयंपाकीण अस्सल स्थानिक. तिला वरण समजावून सांगता सांगता मी म्हटलं, पिवळी डाळ, मऊ शिजवलेली, घोटलेली. ती म्हणाली, "अगं, म्हणजे पीज पुडिंग की!" हा आमच्या भागातला जुना पदार्थ. पिवळे वाटाणे सोलून त्याची डाळ शिजवायची, घट्ट करायची, नि पावात डुकराच्या मांसाबरोबर खायची. एरवी त्यात मांसाचं हाड शिजवतात. तिनं नवं भांडं घेतलं, हाड वगळलं, मी हळद नि मीठ घातलं, बाजूला गिचका भात. आजींनी अर्धी वाटी खाल्ली. वर विचारलं, "ह्यात हिंग नाही का गं घालत ही?" मी ते भाषांतर करून सांगितलं नाही.

अजून एक. आम्ही नवे होतो तेव्हा एका घरमालकानं तोंडावर सांगितलं होतं की खोली देईन, पण फोडणी द्यायची नाही, पडद्यांना वास लागतो. ज्यांच्या पूर्वजांनी आपल्या खिचडीचं मासे-अंडी घालून 'केजरी' केलं नि सकाळच्या न्याहारीला खाल्लं, त्यांच्यातलाच तो. तो अपमान मी विसरले नाही, विसरायचं कारणही नाही. म्हणूनच कोणी इंग्रज म्हाताऱ्याच्या ताटाकडे बघून नाक मुरडलं की मला त्या खोलीची आठवण येते.

म्हणून सगळंच गोड मानून घ्यायचं, असं मात्र नाही. भाज्या ते खरोखरच मरेपर्यंत उकडायचे, निदान जुन्या पिढीत. ब्रसेल्स स्प्राउट्सचा तो गंधकी वास मला अजून सोसवत नाही. लंडनच्या पूर्व भागातली थिजवलेली वाम मी एकदा पाहिली, तेवढं पुरे.

तुमच्यापैकी कित्येकांची मुलं-नातवंडं आता तिकडे आहेत, तुम्ही जाल, म्हणून जाता जाता कामाचं सांगते. उन्हाळ्यात जाऊन हे जेवण खाऊ नका. ते थंडीचं, ओल्या अंगाचं जेवण आहे. नोव्हेंबरात चार वाजता अंधार पडतो, पाऊस आडवा लागतो, तेव्हा एखाद्या साध्या कॅफेत बसा आणि क्रंबल-कस्टर्ड मागवा. शाकाहारी असाल तर वाफवलेल्या पुडिंगपासून जरा सांभाळून. त्यात पारंपरिक कृतीत 'सुएट' असतं, म्हणजे गुरांच्या किंवा मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. हल्ली वनस्पतीचं सुएटही मिळतं, पण विचारून घ्या. चिप्स कशात तळतात तेही विचारा, आमच्या उत्तरेत अजून गुरांच्या चरबीत तळणारी दुकानं आहेत. ग्रेव्ही, पीज पुडिंग, दोन्ही विचारून. कोणी रागावत नाही.

आणि कोणाच्या घरी गेलात नि काकूंनी राइस पुडिंग वाढलं, तर पापुद्र्याचं काय करायचं ते आधी त्यांनाच विचारा. पुढचा अर्धा तास त्यांच्या आईबद्दल ऐकायला मिळेल.

संयोजक मघापासून घड्याळ दाखवताहेत, आणि मागून मसालेभाताचा वास यायला लागलाय. आपलं ताट वाट बघतंय. मी थांबते.